शॉकअपची सील आणि घरजावई

मोटरसायकलच्या पुढच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळतंय, हे योशिहारू कागेयामाला मंगळवारी कळलं. बुधवारी त्याने ते फडक्याने पुसलं. गुरुवारी पुन्हा पुसलं. शुक्रवारी त्याच्या ध्यानात आलं की पुसणं हा उपाय नसून सवय आहे. खरं म्हणजे हे त्याला आधीच समजायला हवं होतं, कारण हामामात्सूच्या नगरपालिकेत, पाणीपुरवठा खात्याच्या गळती-तक्रार विभागात तो अठरा वर्षं नोकरी करत होता. पण तिथे गळती आली की तिला क्रमांक द्यायचा असतो. इथे ती थांबवायची होती.

गाडी सासऱ्यांची होती. घरही सासऱ्यांचं होतं. काटेकोरपणे बोलायचं तर आडनावही सासऱ्यांचंच होतं. लग्नात योशिहारूने स्वतःचं आडनाव सोडून त्यांचं लावलं होतं. सासरे, म्हणजे सेइइचिरो कागेयामा, वय वर्षं शहात्तर, गावातल्या मोटरसायकलच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं शॉकअप विभागात होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाची गाडी जरा डुगडुगत गेली की लोक आवाज खाली आणून म्हणायचे, "कागेयामांनी पाहिलं असतं तर?"

त्यांची गाडी कधी गॅरेजात गेली नव्हती. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीच्या आधी एका शनिवारी ते ती घेऊन एकटेच सरोवराच्या बाजूला जात. "एकाग्रता लागते, मागे कुणी येऊ नका," म्हणून सांगत. संध्याकाळी परत येत तेव्हा शॉकअप नवे झालेले असत आणि सासऱ्यांचे पांढरे हातमोजे पांढरेच असत. तेलाचा एक डाग नाही. योशिहारूला या हातमोज्यांबद्दल गाडीपेक्षाही जास्त आदर होता.

यंदा मात्र नव्या वर्षाच्या जेवणाला त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं, "आता मी गाडीला हात लावणार नाही. योशिहारूने सांभाळावी. सांभाळली तर त्याची. नाही जमलं तर नागोयाचा ताकुमी घेऊन जाईल." ताकुमी हा त्यांचा पुतण्या. त्याच्याकडे चार गाड्या होत्या आणि जेवताना तो त्यांच्याबद्दल बोलायचा.

सोमवारी तपासणी होती. रविवारी सकाळी सासरे हातमोजे घालून शॉकअपच्या नळीवरून एक बोट फिरवणार होते. बोटाला तेल लागलं की गाडी नागोयाला. गाडी गेल्याचं दुःख योशिहारूने पचवलं असतं. पण त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं रोज रात्री त्या बोटाच्या समोर बसून भात खायचा होता.

देवाने एक शनिवार दिला होता. सासऱ्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांची सहल होती. बस सकाळी सातला निघणार, संध्याकाळी पाचला परत. योशिहारूने नव्या सिली आणून कपाटात मोज्यांच्या खाली लपवल्या होत्या. सील बसवण्याची चित्रफीत अकरा वेळा पाहिली होती. बेत साधा होता: सासरे जातील, सिली बदलतील, सासरे येतील, कुणाला काही कळणार नाही.

पण सील ठोकून बसवावी लागते. ठोकलं की आवाज होतो. आणि आवाज होणार असेल तर आधी शेजाऱ्यांची क्षमा मागायला हवी, हे योशिहारूच्या रक्तातच होतं. म्हणून सकाळी साडेआठ वाजता तो कागदात नीट बांधलेले दोन टॉवेल घेऊन निघाला.

"आज घरात जरा ठोकाठोक होणार आहे. फार त्रास होईल. आधीच माफी मागतो," तो भिंतीपलीकडच्या तेरादाकाकांना म्हणाला.

तेरादाकाका एक्क्याऐंशी वर्षांचे. कारखान्याच्या ओतकामात आयुष्य गेलेलं. सहलीला गुडघ्यामुळे गेले नव्हते. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत उचलला आणि योशिहारूच्या खिशातून डोकावणाऱ्या पान्याकडे पाहून म्हणाले, "छे छे, कसला त्रास? चालू दे. एक्केचाळीस मिलिमीटरची नळी आहे ना?"

"कसली नळी?"

"काही नाही. थंडी आहे आज."

समोरच्या मुरामात्सूकाकूंनीही टॉवेल घेतला. त्यांच्या मनगटाला पट्टा होता. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी फक्त गाडीकडे एकदा पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

ज्या गुप्त कामाची वार्ता आपण स्वतः टॉवेलात बांधून दारोदार पोचवली, ते आता किती गुप्त राहिलं, असा विचार योशिहारूच्या मनात येऊन गेला. पण क्षमा न मागता ठोकणं? तो काही जंगलात वाढला नव्हता.

नऊ वाजता त्याने इंजिनाखाली जॅक लावला. पुढचं चाक निघालं. ब्रेक तारेने बांधून बाजूला टांगला. मडगार्ड निघालं. उजवा शॉकअप खाली ओढला, तोही निघाला. योशिहारूला स्वतःचं कौतुक वाटू लागलं, आणि ते वाटत असतानाच त्याने नळीच्या वरच्या झाकणाला पाना लावला. झाकण हललं नाही. उलट नळीच हातात गरगर फिरू लागली. त्याने ती गुडघ्यांत धरली. मग काखेत धरली. मग तो तिच्यावर बसला.

भिंतीवरून आवाज आला, "चुकत असेन मी, ओतकामातला माणूस. पण झाकण म्हणे शॉकअप गाडीत असतानाच सैल करून घ्यायचं असतं. ऐकीव आहे हं, ऐकीव."

"माहीत आहे काका," योशिहारू म्हणाला. "खात्री करत होतो."

"असं असं. करावी."

शॉकअप पुन्हा गाडीत चढला. झाकण सैल झालं. शॉकअप पुन्हा उतरला. या खात्रीत पाऊण तास गेला. मग योशिहारू अंगणात मांडी घालून बसला आणि झाकणाचे शेवटचे आटे हळूहळू सोडवू लागला. झाकणाखाली दाबलेली स्प्रिंग असते, हे त्याला ठाऊक होतं; अकरा वेळा पाहिलं होतं. फक्त झाकणाचं तोंड कुठे आहे याकडे त्याचं लक्ष नव्हतं. ते सासऱ्यांच्या खोलीकडे होतं.

टण्ण! झाकण सुटलं आणि खोलीच्या कागदी दारातून आरपार आत गेलं.

बायको धावत आली. चिझुरू कागेयामा, सेइइचिरोंची एकुलती एक मुलगी. तिने दाराच्या मधोमध पडलेलं लाडवाएवढं भोक पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, बाबांच्या खोलीला गोळी घातलीत?"

"झाकण होतं."

"झाकण कुणी मारतं का?"

"स्प्रिंगने मारलं."

चिझुरूने पुढे वाद घातला नाही. ती पांढरा कागद, कात्री आणि डिंक घेऊन बसली. तिने चेरीच्या फुलाच्या आकाराचा तुकडा कापून भोकावर चिकटवला. एकच फूल उघडंबोडकं आणि संशयास्पद दिसत होतं, म्हणून तिने आणखी चार कापून इकडेतिकडे लावली. आता दार सणाला सजवल्यासारखं दिसू लागलं. "विचारलं तर वसंत ऋतू आला म्हणून सांगेन," ती म्हणाली. जानेवारी संपायला दहा दिवस होते.

अकरा वाजले. तेल ताटात ओतून झालं. आता नळीच्या तळातला बोल्ट काढला की आतली नळी सुटी होणार होती. योशिहारूने बोल्टला किल्ली लावली. बोल्ट फिरला. छान फिरला. फिरतच राहिला. उलटा फिरला, सुलटा फिरला, पण बाहेर मात्र येईना. आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरत होता. चित्रफितीत हे नव्हतं. चित्रफितीतला बोल्ट संस्कारी होता.

तेवढ्यात फाटकाशी मुरामात्सूकाकू उभ्या राहिल्या. हातात संत्र्यांची पिशवी. टॉवेल घेतला म्हणजे परतफेड आलीच.

"आमच्या बहिणीच्या बागेतली आहेत. आंबटच आहेत, पण गोड मानून घ्या, जावईबापू."

भेट एका हाताने घेता येत नाही, आणि तेलकट हातांनी तर नाहीच नाही. योशिहारूने किल्ली ठेवली, नळावर जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, परत आला, दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि कमरेत वाकला. नीट वाकायचं म्हणजे मागे जागा लागते. ती जागा तेलाच्या ताटाने घेतली होती. त्याची टाच ताटाच्या काठावर पडली, ताट उलटलं, आणि दोन वर्षांचं काळं तेल अंगणाच्या उतारावरून शांतपणे गल्लीतल्या गटाराकडे निघालं.

गटारात तेल जाणं म्हणजे काय, हे नगरपालिकेत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी वेगळा अर्ज होता. तो त्यानेच तयार केला होता.

"माती! राख! काहीतरी आण!" तो ओरडला.

भिंतीवरून एक जड पोतं धप्पकन अंगणात पडलं. मागोमाग तेरादाकाकांचं डोकं. "मांजरीची वाळू आहे. टाक, टाक! वापरलेली नाहीये."

चिझुरूने पोतं फाडलं, मुरामात्सूकाकूंनी एका हाताने वाळू पसरली, योशिहारू संत्र्यांची पिशवी उराशी धरून गटारावर आडवा झाला. तेल त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलं. वाळू हळूहळू काळी होत गेली.

"थांबलं," काकू म्हणाल्या. मग नळीतल्या बोल्टकडे पाहून, जणू काही विशेष नाही अशा सुरात, "दांडा फिरतोय ना? खराट्याचा लाकडी दांडा जरा तासा आणि आतून ठासा. एकाने वरून दाबून धरायचं, दुसऱ्याने खालून बोल्ट सोडायचा. या गाडीच्या उजव्या बाजूला दर वेळी हेच होतं."

"दर वेळी?"

"म्हणजे... होत असेल. गाड्यांचं होतं तसं." काकूंनी एक संत्रं उचलून सोलायला घेतलं.

योशिहारूला विचार करायला वेळ नव्हता. चिझुरूने घरातला एकुलता एक खराटा आणला आणि माहेरच्या वस्तूचा बळी द्यावा तशा चेहऱ्याने पुढे केला. दांडा तासला, ठासला, तिने वरून अंगाचा भार टाकला. बोल्ट 'कट्' म्हणाला आणि सुटला. योशिहारूच्या डोळ्यांत पाणी आलं. नळीला हिसके दिल्यावर जुनी सील बाहेर आली. कडेने फाटलेली, बिचारी.

नवी सील नळीवर चढवणार तोच काकू म्हणाल्या, "कडा कापली जाईल. आधी नळीच्या तोंडाला पातळ पिशवी गुंडाळा, तेल लावा. आणि अक्षरं वर येऊ द्या. उलटी बसवाल."

"तुम्हाला फार माहिती आहे, काकू."

"बावीस वर्षं सिलीच बसवत होते कारखान्यात. दिवसाला सहाशे. हे मनगट फुकट नाही गेलं."

मग ठोकाठोक सुरू झाली. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा आणि लाकडी हातोडा. पहिले सहा ठोके बोदे आले, सातवा खणखणीत. भिंतीपलीकडून तेरादाकाका म्हणाले, "बसली." त्यांना काही दिसत नव्हतं. पण या गावात सील बसल्याचा आवाज लोकांना घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखू येतो.

साडेबारा वाजले. उजवा शॉकअप तेल भरून गाडीत चढला. डावाही बदलायचा होता, कारण सिली जोडीनेच बदलतात. पण आता योशिहारूला वाट माहीत होती. झाकण आधी सैल केलं. तोंड आकाशाकडे केलं. काकू नुसत्या मान हलवत होत्या. दीड वाजता डावा शॉकअप सगळा सुटा होऊन वर्तमानपत्रावर मांडला गेला. पाचला अजून साडेतीन तास होते. योशिहारूने त्या दिवशी पहिल्यांदा खोल श्वास घेतला.

"छान चाललंय," तेरादाकाका म्हणाले. "मी तुझ्या सासऱ्यांना तसं सांगितलंही."

श्वास तिथेच अडकला. "काय सांगितलंत?"

"मघाशी फोन केला ना त्यांना, बसमध्ये. म्हटलं, अभिनंदन, तुमचा जावई स्वतः शॉकअप उघडून बसलाय, तुमचा वारसा चालवतोय. शेजारधर्म आहे बाबा, चांगलं बोलायला काय जातं?"

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. बस थांबवायला सांगत होते ड्रायव्हरला. फोन कटला."

चिझुरूने कागदी दाराकडे पाहिलं. पाच फुलं एकदम कमी वाटू लागली. योशिहारूने घाईघाईने हात चालवला. वॉशर बोटांतून निसटून वाळूत पडला. तो शोधेपर्यंत दहा मिनिटं गेली. तो सापडला आणि गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीचं दार वाजलं.

सेइइचिरो कागेयामा फाटकात उभे राहिले. सहलीची टोपी डोक्यावर, गळ्यात नावाची चकती. त्यांनी अंगण पाहिलं. काळी वाळू, संत्र्यांच्या साली, तासलेला खराटा, वर्तमानपत्रावर मांडलेला आपला शॉकअप.

"बाबा, मी..." योशिहारू म्हणाला.

"बाजूला हो."

त्यांनी टोपी काढली. खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. ते बुटक्या स्टुलावर बसले. तेरादाकाका भिंतीवर कोपरं टेकून स्थिर झाले. गल्लीतली आणखी दोन-तीन डोकी फाटकाशी जमली. एकोणचाळीस वर्षांचा हात आज दिसणार होता.

सासऱ्यांनी नळी उचलली. ठेवली. स्प्रिंग उचलली, तिच्याकडे पाहिलं, ठेवली. मग बराच वेळ विचार करून त्यांनी धूळ अडवायचं रबर उचललं आणि ते नळीवर चढवू लागले. सगळ्यांत शेवटी लागणारी वस्तू. सगळ्यांत आधी.

मुरामात्सूकाकूंना खोकला आला. तेरादाकाका आकाशातला एकुलता एक ढग निरखू लागले.

योशिहारूने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे घामाचा एक थेंब होता, आणि तो त्यांच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत येईतो योशिहारूला सगळं कळलं. शॉकअप विभागात एकोणचाळीस वर्षं! पण तपासणीच्या टेबलावर. तयार शॉकअप समोर यायचा, त्यावरून बोट फिरवायचं, पास किंवा नापास म्हणायचं. ते उघडायचं काम दुसऱ्यांचं. आणि दर दोन वर्षांनी गाडी सरोवराकडे जाते म्हणून निघायची ती गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने मुरामात्सूकाकूंच्या शेडमध्ये यायची. म्हणून हातमोजे पांढरे. म्हणून काकूंचं मनगट गेलं आणि लगेच जावयावर जबाबदारी आली. आणि हे गल्लीतल्या सगळ्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कागेयामांच्या घरात.

सासऱ्यांची बोटं रबरावर थांबली होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. फाटकाशी कुणीतरी कुजबुजलं. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं, तर सगळ्यांना जे माहीत होतं ते सगळ्यांना दिसलं असतं. ते तर त्याहून वाईट.

योशिहारूला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. गाडी त्याची झाली असती, आणि ते बोटही पुन्हा कधी वर उठलं नसतं.

तो गुडघ्यांवर बसला. कपाळ वाळूला लागेल इतका वाकला. यावेळी मागे ताट नव्हतं.

"बाबा, एक विनंती आहे. तुम्ही केलंत तर मी कधी शिकणार? मला करू द्या. तुम्ही फक्त परीक्षा घ्या. चुकलं तर नापास करा."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रबर अगदी सावकाश वर्तमानपत्रावर ठेवलं.

"हं," ते म्हणाले. आवाजाला पुन्हा धार आली. "बरोबर. किती वर्षं मीच करायचं? सांग. आधी काय?"

"आधी आतला दांडा आणि स्प्रिंग. मग तळातून बोल्ट. बोल्टला वॉशर."

सासऱ्यांची नजर काकूंवरून ओझरती गेली. काकूंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि मान हलवली.

"बरोबर," सासरे म्हणाले. "पुढे?"

"मग बुश. मग सील, अक्षरं वर."

"अक्षरं का वर?"

हा प्रश्न परीक्षेचा नव्हता, हे योशिहारूलाच कळलं. "उलटी बसली तर तेल धरत नाही, बाबा."

"अस्सं. म्हणजे, बरोबर! पुढे?"

दोन तास अंगणात 'पुढे?' हा एकच शब्द घुमत होता. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा खणखणीत. सील ठोकताना शेवटचा ठोका वाजला तेव्हा भिंतीवरून आवाज आला, "बसली. काय शिकवलंय, वा!" फाटकाशी जमलेली डोकी आदराने हलली. सासऱ्यांनी दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवलं, उन्हात धरलं. डाग नव्हता.

"पास," ते म्हणाले आणि आत गेले. कागदी दारापाशी क्षणभर थांबले, पाच फुलं मोजली आणि दार अलगद सरकवलं.

सोमवारी तपासणीत गाडी पास झाली. संध्याकाळी जेवायला बसताना नागोयाहून फोन आला. सासऱ्यांनीच उचलला.

"नाही ताकुमी, गाडी इथेच राहणार. योशिहारूच्या नावावर करतोय... तुझ्या चार गाड्या असतील रे, पण या कामाला हात लागतो हात. तो शिकवून येत नाही. तरी मी अख्खी दुपार घालवली म्हणून याला थोडाफार आला... काय? तुझ्या गाडीचा शॉकअप? तळातल्या बोल्टमधून गळतंय?"

ते थबकले. मग त्यांनी फोनवर तळहात दाबला, योशिहारूकडे झुकले आणि त्याच्या पेल्यात बीअर ओतता ओतता अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तो वॉशर कसला असतो?"

"तांब्याचा, बाबा. दर वेळी नवा घालायचा."

सासऱ्यांनी तळहात काढला.

"अरे गाढवा," ते फोनमध्ये गरजले, "वॉशर तांब्याचा असतो आणि दर वेळी नवा घालायचा असतो, एवढंही तुला कुणी सांगितलं नाही?"